पिन, पाचर आणि पाना



भातलावणी उरकली, खाचरात पाणी आहे, तेव्हा आज जरा बूड टेकून ऐकाल असं धरून चालते. बी.ए.ला माझा विषय इतिहास होता, म्हणून इतिहासाचा भाग माझ्याकडे येतो. इतिहास म्हटलं की आपल्याकडे लगेच तिकोणा, तुंग, लोहगड आणि तिथल्या लढाया. आज लढाई नाही. आज मोडलेल्या, अडलेल्या, गळणाऱ्या वस्तूंचा इतिहास सांगायचा आहे. घरातली वस्तू बिघडली तर ती कोण नीट करायचं, आणि दारात मोटारगाडी आल्यावर त्यात काय बदललं, हा आजचा विषय.

सुरुवात गडापासूनच करू. तिकोणा पेठेतून वर चढताना वाटेत चुन्याचा घाणा दिसतो. येणारी पोरं त्याच्याजवळ उभी राहून फोटो काढतात आणि पुढं जातात. बांधकामाचा चुना मळायचं ते दगडी चाक. गड कुणी घेतला, कुणी दिला, हे पुस्तकात सापडतं. पण हे चाक कुणी ओढलं, आणि ओढायचा दांडा मोडला की नवा कुणी घातला, हे काही सापडत नाही.

असाच एक फिरणारा दगड आपल्या आज्यांच्या घरात होता. जातं. पहाटे उठून जातं ओढायचं, हे आपण सगळ्याच सांगतो. पण जातं बिघडायचं, हे कुणी सांगत नाही. रोज दगडावर दगड घासला की दोन्ही तळ्या गुळगुळीत होतात. मग पीठ जाडं पडतं, आणि ओढणारीचे खांदे भरून येतात. अशा वेळी टाकी लावावी लागते. टाकी म्हणजे पोलादी छिन्नी. तिनं दगडाला बारीक बारीक घाव घालून तो पुन्हा खरबरीत करायचा. टाकी लावणारी बायामाणसं गावोगाव हाळी देत फिरायची. टकारी समाजाचं नावच या कामावरून पडलं असं सांगतात. टाकी लावून झाली की पहिल्यांदा कोंडा नाहीतर कणी भरडून टाकून द्यायची, म्हणजे दगडाची कच भाकरीत येत नाही.

एवढं एक काम बाहेरच्या माणसाचं. बाकी सगळी दुरुस्ती घरातल्या बाईची. खुंटा सैल झाला की लाकडाची पाचर ठोकून तो घट्ट करायचा. वरच्या तळीतली माकडी झिजली, जातं डुगडुगायला लागलं, तर ते ओळखायचं आवाजावरून. डाळ भरडायची असली की मधल्या खुंटीवर चिंधी गुंडाळायची, म्हणजे वरची तळी जराशी उचलली जाते आणि डाळीचा चुरा होत नाही. दोन दगडांमध्ये किती जागा ठेवायची, हे अंधारात बोटांच्या अंदाजानं ठरवायचं. कारखान्यात हेच काम करणाऱ्याला फिटर म्हणतात आणि पगार देतात.

जात्यावरच्या ओव्यांचं मात्र चांगलं झालं. हेमा रैरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुणे जिल्ह्यातल्या डोंगरी गावांपासून सुरुवात करून पुढं महाराष्ट्रभरातून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करवल्या, आणि आज त्या कुणालाही वाचता-ऐकता येतात. ओव्यांमुळे जात्याला मान मिळाला. जात्याच्या पाचरीला तो अजून मिळायचा आहे.

जातं गेलं याचं मला दुःख नाही, हे आधीच सांगते. पहाटेची झोप ही काही वाईट गोष्ट नाही. पण ते आपल्या भागातून किती उशिरा गेलं, हे बघण्यासारखं आहे. लोणावळा, वळवण, शिरोता ही तळी टाटांनी विजेसाठी बांधली. तिथलं पाणी मोठ्या नळांतून घाटाखाली सोडून १९१५ साली खोपोलीला वीज तयार व्हायला लागली, आणि ती मुंबईच्या कापड गिरण्यांना गेली. म्हणजे मावळात पडलेल्या पावसावर मुंबईत यंत्रं फिरायला लागली, आणि ज्या डोंगरावर तो पाऊस पडला तिथल्या बायका पुढं कितीतरी वर्षं हातानंच जातं ओढत राहिल्या. तारा डोक्यावरून जात होत्या, घरात येत नव्हत्या.

मग गिरणी आली, बऱ्याच गावांत ती डिझेल इंजिनावरची. किर्लोस्करांचा खडकीचा ऑइल इंजिनचा कारखाना १९४६ चा. गिरणी आली आणि हात सुटले. पण तिच्याबरोबर आणखी एक गोष्ट झाली. गिरणीचा पट्टा निसटला की तो चढवणार गिरणीवाला. इंजिन बंद पडलं तर त्यानं ते खोलायचं, आणि आपण डबा मांडीवर घेऊन पायरीवर बसायचं. दळण आपलं, यंत्र दुसऱ्याचं. बिघाड बघत बसायची सवय आपल्याला इथून लागली असावी असं मला वाटतं.

तरीही एक यंत्र घरात आलं आणि ते पूर्णपणे बाईच्या हातात राहिलं. पंपाचा स्टोव्ह. आता तो माळ्यावर धूळ खात पडलेला असेल, पण चाळिशीच्या पुढच्या प्रत्येकीनं तो पेटवला आहे. हा स्टोव्ह मूळचा स्वीडन देशातला. फ्रान्स लिंडक्विस्त नावाच्या माणसानं १८९२ च्या सुमारास तो बाजारात आणला, प्रायमस या नावानं. पन्नास-साठ वर्षांत तो जगभर पोचला.

त्याचं काम कसं चालतं ते आठवा. खाली पितळी टाकीत रॉकेल. पंप मारला की टाकीत हवा दाबून बसते, ती रॉकेलला वर ढकलते. वर बर्नर आधी काकडा पेटवून तापवलेला असतो, त्यामुळे रॉकेलची वाफ होते. ती वाफ सुईच्या अग्राएवढ्या भोकातून जोरात बाहेर येते, हवेत मिसळते आणि निळी जळते. सगळा खेळ त्या भोकाचा. त्यात काजळीचा कण अडकला की ज्योत पिवळी होते, स्टोव्ह फुरफुरतो, भांड्याचं बूड काळं होतं. मग पिन मारायची. पत्र्याच्या पट्टीला पुढं केसाएवढी तार, अशी ती पिन किराणा दुकानात मिळायची, आणि घरात ती कुठं आहे हे फक्त बाईला माहीत असायचं. पंप मारताना हात नुसताच आत-बाहेर व्हायला लागला, दाब येईना, की समजायचं आतला चामड्याचा वायसर सुकला. तो काढून गोडेतेलात भिजवायचा, कडा बोटांनी फुलवायच्या आणि पुन्हा बसवायचा. वाफ, दाब, गळती, झडप, हे सगळं आपल्या आईनं आणि सासूनं रोजच्या रोज हाताळलं आहे. शाळेत ती चौथीपर्यंतसुद्धा गेलेली नसेल.

स्टोव्हचं नाव काढलं की एक काळी गोष्टही आठवते, ती टाळून पुढं जाता येणार नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकात नव्या सुना भाजून मेल्या की कागदावर लिहिलं जायचं, स्टोव्हचा भडका उडाला. काही वेळा ते खरंही असेल. पण ज्या बाईनं हजार वेळा पिन मारली, तिच्याच हातून नेमका लग्नाच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षी भडका कसा उडतो, हा प्रश्न बायकांच्या संघटनांनी रस्त्यावर येऊन विचारला. त्यातून १९८३ मध्ये छळाविरुद्धचं ४९८ अ हे कलम आलं आणि १९८६ मध्ये हुंडाबळीचं ३०४ ब. यंत्र कसं चालतं हे माहीत असणं नुसतं सोयीचं नसतं, ते साक्षीच्याही कामाला येतं.

आता मोटारीकडे येते. जुन्या स्कूटरमध्ये, जीपमध्ये, व्हॅनमध्ये कार्ब्युरेटर नावाचा एक भाग असायचा. पुरुष मंडळी तो शब्द असा उच्चारतात की आपल्याला वाटावं, हे काहीतरी फार अवघड प्रकरण आहे. त्यात काय असतं? एक लहान वाटी, तिच्यात पेट्रोल. एक बारीक भोक, त्याला जेट म्हणतात. भोकातून पेट्रोलचा फवारा येतो, हवेत मिसळतो आणि इंजिनात जाऊन पेटतो. भोकात कचरा अडकला की गाडी आचके देते आणि बंद पडते. मग भोक साफ करायचं. ओळखीचं वाटतंय ना? पंपाच्या स्टोव्हचा हा चुलत भाऊच. फरक एवढाच, की स्टोव्ह साफ केला तर ते घरकाम, आणि जेट साफ केलं तर ते मेकॅनिकचं काम.

याला एक मोठा पुरावा आहे, थेट पहिल्या मोटारीचा. जर्मनीत कार्ल बेंझ यांनी पेट्रोलवर चालणारी तीन चाकांची गाडी बनवली आणि १८८६ मध्ये तिचं पेटंट घेतलं. पण विकत घ्यायला कुणी पुढं येईना. त्यांची बायको बेर्टा. तिच्या माहेरचा पैसा या धंद्यात घातलेला होता. १८८८ च्या ऑगस्टमध्ये एका पहाटे ती नवऱ्याला न सांगता गाडी घेऊन निघाली. बरोबर दोन मुलगे, एक पंधरा वर्षांचा, एक तेराचा. माहेरचं गाव शंभर किलोमीटरच्या वर. इतक्या लांब तोवर मोटारीनं कुणीच गेलेलं नव्हतं.

वाटेत काय काय झालं ते ऐका. पेट्रोलपंप नव्हते, म्हणून डाग काढायला जो द्राव वापरतात तो तिनं औषधाच्या दुकानातून विकत घेतला आणि टाकीत ओतला. इंधनाची नळी तुंबली. तिनं टोपीला लावायची लांब पिन काढली आणि नळी मोकळी केली. एका तारेचं वेष्टण गेलं होतं, तिथं मोजे वर धरून ठेवायचा आपला पट्टा गुंडाळला. साखळी लोहाराकडून नीट करून घेतली. लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. चढावर पोरांनी गाडी ढकलली. संध्याकाळी ती माहेरी पोचली आणि नवऱ्याला तार केली. परत आल्यावर तिनं सांगितलं की चढासाठी आणखी एक गिअर लागेल. गाडीचं नाव झालं ते या प्रवासामुळे.

म्हणजे लांबच्या प्रवासात रस्त्यावर मोटार दुरुस्त करणारं पहिलं माणूस एक बाई होती, आणि तिच्या हातात पाना नव्हता, पिन होती. पेठेतल्या माझ्या एका गटात हे सांगितलं तेव्हा एक मावशी म्हणाल्या, “पण तिनं न सांगता नेली म्हणून जमलं. विचारलं असतं तर म्हणाला असता, तुला काय कळतंय.” मला वाटतं इतिहासाच्या पुस्तकात हे वाक्य असायला हवं होतं.

आपल्याकडे मोटारी आल्या त्या श्रीमंतांच्या आणि साहेबांच्या. बोरघाटातून गाडीरस्ता १८३० साली खुला झाला होता, बैलगाड्यांसाठी. पुढं त्याच वळणांवर मोटारी आणि मालट्रक चढायला लागले. घाटात इंजिन तापायचं, पाणी उकळून वाफा यायच्या. क्लीनरनं उडी मारून चाकामागं दगड लावायचा, ओढ्याचं पाणी आणून गाडीला पाजायचं. घाट दाखवणाऱ्या शिंगरोबा धनगराच्या देवळापाशी ड्रायव्हर अजून नाणं टाकतात. दुरुस्ती आणि नवस दोन्ही एकाच ठिकाणी व्हायचं, आणि दोन्ही पुरुष करायचे.

आपल्यासारख्यांच्या दारात गाडी आली ती आकुर्डीमुळे. बजाजला स्कूटर आणि रिक्षा बनवायचा परवाना १९५९ मध्ये मिळाला आणि आकुर्डीत कारखाना उभा राहिला. ‘टेंपो’ हे एका जर्मन कंपनीच्या गाडीचं नाव. तीही गाडी पुढं आकुर्डीत बनू लागली आणि आपण कुठल्याही मालगाडीला टेंपोच म्हणायला लागलो. १९७२ मध्ये चेतक स्कूटर आली. नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. हुंड्याच्या यादीत स्कूटर यायला लागली, म्हणजे बापानं पैसे भरायचे, आणि गाडी जावयाच्या नावावर.

त्या स्कूटरचा रविवार ज्यांनी बघितला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारी गाडी, त्यामुळे प्लगवर काजळी धरायची. सोमवारी सकाळी नेमकी किक लागायची नाही. मग एका अंगाला कलती करायची, पुन्हा किक, पुन्हा शिव्या. म्हणून रविवारी अंगणात वर्तमानपत्र पसरून मालक बसणार. आणि त्यांना काय काय लागणार? रॉकेल घालायला स्वयंपाकघरातली वाटी. पुसायला जुन्या नऊवारीचा फडका. घासायला दाताचा ब्रश, जो कुणाचा आहे हे नंतर कळतं. भोकात घालायला केसातली पिन, नाहीतर स्टोव्हची. वंगण संपलं तर खोबरेल. अंधार पडला की टॉर्च धरायला बायको, आणि टॉर्च नीट धरत नाही म्हणून बोलणी खायलाही तीच. सगळं खोलून, पुसून, पुन्हा बसवून झालं की एक नट उरायचा. तो कुठला हे कुणालाच सांगता यायचं नाही. “असू दे, जास्तीचा असेल,” असं म्हणून तो खिडकीत ठेवायचा. आपल्या गावांतल्या कितीतरी खिडक्यांत असे जास्तीचे नट आहेत.

संध्याकाळी सगळे म्हणणार, आज यांनी दिवसभर गाडीचं काम केलं. त्या दिवशीचा स्वयंपाक, धुणं, वर ग्रीसचे काळे कपडे चुलीवरच्या गरम पाण्यात भिजवून आपटणं, फरशीवरचे ऑइलचे डाग राख टाकून घासणं, याला काम म्हणायची पद्धत नव्हती. मी कुणावर राग काढत नाही. माणूस खरंच दमलेला असायचा. मेकॅनिकचे पैसे वाचवायला त्याचा एकुलता एक सुट्टीचा दिवस जायचा आणि गाडी बऱ्याचदा तशीच राहायची. पण मोजायचं तर दोघांचं मोजावं.

सरकारनं ते मोजलंही आहे. २०१९ मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं देशभर पाहणी केली, की माणसं दिवसाचा वेळ कशात घालवतात. स्वतःच्या घरासाठीचं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवताना दिसल्या, आणि असं काम करणारे पुरुष ९७ मिनिटं. शंभरातल्या ८१ बायका ते करत होत्या, पुरुष २६. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. पाच वर्षांत आपली दहा मिनिटं कमी झाली, त्यांची नऊ.

यातली गंमत वेगळीच आहे. या पाहणीत कामांचे जे खण पाडले आहेत, त्यात स्वयंपाक, झाडलोट, धुणं ज्या मोठ्या खणात येतं, त्याच खणात घरच्या घरी केलेली गाडीची दुरुस्तीही येते. सरकारच्या हिशोबात अंगणात स्कूटर खोलून बसलेला नवरा घरकामच करत असतो. म्हणजे त्या ८८ मिनिटांत प्लग साफ करणंही आलं. हे घरी जाऊन सांगून बघा.

बाईनं पाना धरू नये हा विचार घरापुरताच नव्हता. १९७४ मध्ये टेल्को कंपनीनं इंजिनिअरच्या जागांची जाहिरात दिली आणि त्यात लिहिलं, की स्त्रियांनी अर्ज करू नये. सुधा कुलकर्णी नावाच्या एका मुलीनं ते वाचलं आणि थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिलं. तिला पुण्याला मुलाखतीला बोलावलं आणि नोकरी मिळाली. टेल्कोत यंत्रांवर काम करणारी ती पहिली स्त्री इंजिनिअर. पुढं त्याच सुधा मूर्ती म्हणून सगळ्यांना माहीत झाल्या. पिंपरीच्या कारखान्यात आपल्या पंचक्रोशीतले किती पुरुष तेव्हा बसनं कामाला जायचे, आणि दाराशी ही पाटी होती.

आता गाड्या बदलल्या. कार्ब्युरेटर मोटारींतून आधीच गेला होता, आणि एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम आल्यावर नव्या दुचाकींतूनही जवळपास गेलाच. पेट्रोल किती सोडायचं ते आता चिप ठरवते. बिघाड शोधायला मेकॅनिक वायर जोडतो आणि पडद्यावर वाचतो. पुरुषांचाही रविवार संपला म्हणायचा. पण गावात नव्या गाड्या किती? आपल्याकडे येते ती तिसऱ्या-चौथ्या हातातली व्हॅन, जुना पिकअप, वडाप करून दमलेली जीप. त्यांचे बिघाड अजून जुन्याच जातीचे आहेत. आणि ती गाडी घ्यायला पैसे येतात बचत गटातून.

इथं मला एक गोष्ट सांगायची आहे. नाव-गाव सांगणार नाही. पवना धरणाच्या बाजूच्या एका गटातली ताई. शनिवार-रविवारी गडाखाली पिठलं-भाकरीचा ठेला लावते. सामान न्यायला म्हणून तिनं गटातून कर्ज काढलं आणि जुनी व्हॅन घेतली. गाडी निवडली कारभाऱ्यांनी, आरसी बुक त्यांच्या नावावर. पहिला पाऊस पडला आणि व्हॅन सुरू होईना. कारभारी म्हणाले, मेकॅनिकला कशाला पैसे घालवायचे, मीच बघतो. मोबाइलवर बघून बघून त्यांनी प्लग काढले, पेट्रोलची नळी काढली, फ्यूज बदलले. गाडी तीन आठवडे दारात. सामान ताईच्या डोक्यावर, आणि हप्ता भाकरीच्या पैशातून.

त्या तीन आठवड्यांत ताई दोनदा म्हणाली होती, “बॅटरीच्या खिळ्यावर ते पांढरं-हिरवं काय साचलंय? माझ्या तांब्याच्या हंड्यावर येतं तसलंच दिसतंय.” दोन्ही वेळा उत्तर मिळालं, “तू भाकरी बघ.” शेवटी मेकॅनिक आला. त्यानं बॉनेट नव्हे, पुढची सीट उचलली, कारण त्या गाडीत बॅटरी सीटखाली असते. बघितलं आणि ताईलाच म्हणाला, “वहिनी, गरम पाणी आणा आणि खायचा सोडा असेल तर द्या.” खिळा घासला, वायर आवळली. गाडी सुरू. पाच-दहा मिनिटांचं काम.

हे काम ज्यांना करून बघायचं आहे त्यांनी एवढं लक्षात ठेवा. गाडी बंद, किल्ली काढून हातात. आधी वजाच्या खुणेची वायर सोडायची, मग अधिकच्या. साठलेलं पांढरं हातानं खरवडायचं नाही, आम्ल असतं ते. रबरी हातमोजे घाला. पाण्यात सोडा कालवून जुन्या ब्रशनं लावा, फसफसतं, मग पुसून कोरडं करा. ते पाणी बॅटरीच्या झाकणातून आत जाऊ द्यायचं नाही. जोडताना उलटं, आधी अधिक, मग वजा. वर थोडं व्हॅसलिन लावलं की पुन्हा लवकर साचत नाही. हंडा घासण्यापेक्षा सोपं आहे.

त्या व्हॅनचा विषय गटाच्या बैठकीत निघाला, आणि बराच वेळ चालला. हप्ता थकला म्हणून नाही, हप्ता तिनं एकही चुकवला नव्हता. प्रश्न असा आला, की ज्या वस्तूचं कर्ज बाईच्या नावावर आहे, तिला त्या वस्तूला हात लावायची मुभा आहे का? मग आम्ही गाडीच्या कर्जाच्या अर्जाला दोन ओळी जोडायच्या असं सुचवलं. आरसी बुकावर नाव कुणाचं असेल? आणि किल्ली आणि पान्यांची पिशवी घरात कुठं राहील?

पहिल्या ओळीला एका गटानं लगेच होकार दिला. दुसरीवर सगळ्या आधी हसल्या. मग एक आत्याबाई म्हणाल्या, “हसता काय? स्टोव्हची पिन माझ्या फळीवर होती ना, म्हणून तर स्टोव्ह माझा होता. पिशवी तांदळाच्या डब्याशेजारी ठेवायची.” तसं इतिवृत्तात लिहून घेतलं आहे. दुसऱ्या गटानं आरसी बुकाची ओळ वगळली आणि पिशवीची ठेवली; त्यांचं म्हणणं, नावावरून घरात भांडण होतं, पिशवीवरून होत नाही. तिसऱ्या गटात वाद अजून चालू आहे. त्यांची बैठक येत्या पौर्णिमेनंतरच्या मंगळवारी आहे, आणि त्या दिवशी पवनानगरचा एक मेकॅनिक स्वतःची जीप घेऊन येणार आहे, चाक कसं बदलायचं ते दाखवायला. येताना जुना फडका घरूनच आणा, त्याच्याकडचा फार मळलेला असतो.